मिली स्मॉल : आवाज कुणाचा, धनी कोण?



मिली स्मॉल ही जमैकातील क्लॅरेंडन परगण्यातल्या ऊसमळ्यावरील मुकादमाची मुलगी. १९६४ साली तिने लंडनमध्ये गायिलेले ‘माय बॉय लॉलीपॉप’ ब्रिटन व अमेरिकेत खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचले. रेगेची पूर्वज असलेली ‘स्का’ शैली त्या गाण्याने जागतिक बाजारपेठेत शिरली आणि आयलंड रेकॉर्ड्‌स या कंपनीचा पाया भक्कम झाला. १९८९ साली ती कंपनी सुमारे ३० कोटी डॉलरना विकली गेली. त्याआधी दोनच वर्षे, १९८७ साली, आपण निष्कांचन असून युवक वसतिगृहात दिवस काढल्याचे मिलीने मुलाखतीत सांगितले होते. श्रम एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, हा ऊसमळ्याचाच न्याय ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यातही चालतो.

तिला केवळ गोड गळ्याची बाहुली मानणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९६८ साली बर्मिंगहॅम येथे इनॉक पॉवेल यांनी कृष्णवर्णीय व आशियाई स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले. १९७० साली ‘इनॉक पॉवर’ हे रेगे गीत गाऊन मिलीने त्याला उत्तर दिले. २०२० साली ती निवर्तली. कलावंताच्या श्रमाचा हिशेब मागणे आणि वर्णद्वेषाला निर्भयपणे सामोरे जाणे, हेच तिचे उचित स्मरण होय.