कौल आणि कचेरी



ज्या सिंधुदुर्ग जलदुर्गाचा पाया शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या समुद्रात घातला, त्याचे नाव धारण करणाऱ्या आपल्या जिल्ह्याची कचेरी मात्र समुद्रापासून दूर, महामार्गालगत ओरोसला आहे. असे का, हे समजण्यासाठी आधी भूमी पाहिली पाहिजे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या गड, कर्ली, तेरेखोल या नद्या थोडक्या वाटचालीत समुद्रास मिळतात, आणि त्यांच्या खाड्यांनी किनारा असा तोडला आहे की शेजारच्या बंदरास जाण्यासाठीही पूर्वी तरीची वाट पाहावी लागे. राज्यसत्तेचा इतिहासही तुटकच! मालवण, देवगड इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात; सावंतवाडी, कुडाळ सावंत-भोसल्यांच्या संस्थानात, जे १९४८ साली विलीन झाले; आणि तेरेखोलचा किल्ला नदीच्या आपल्या तीरावर असूनही गोव्याचा.

विलीनीकरणानंतर सगळ्यांचे सदर ठाणे रत्नागिरी झाले. मालवणच्या पक्षकाराने जिल्हा न्यायालयातील तारखेसाठी दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा, आणि तेथे पुढची तारीख घेऊन परतावे! १ मे १९८१ रोजी जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कुडाळ आणि कणकवली यांच्या दरम्यानचे ओरोस निवडले गेले, हा निर्णय मला न्याय्य वाटतो; कारण जुन्या शहरांच्या मानापेक्षा आठही तालुक्यांच्या रयतेची पायपीट मोठी.

पण कचेरी येण्यापूर्वी येथे न्याय नव्हता असे कोणी समजू नये. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत कारभारात, मानकरी देवळात जमत, ग्रामदेवतेला कौल लावीत, आणि उजवा कौल पडला म्हणजे वाद मिटे. आचऱ्याचा सारा गाव रामेश्वराच्या कौलाने गुराढोरांसह वेशीबाहेर जाऊन राहतो, ती गावपळण आजही पाळली जाते. या व्यवस्थेत मानपानाची उतरंड होती, तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु निवाडा सर्वांदेखत होई, आणि निवाडा देणाऱ्यास दुसऱ्या दिवशी त्याच पाणंदीने जावे लागे.

मागे कचेरीच्या व्हरांड्यात एक वृद्धा भेटली. प्लास्टिकच्या पिशवीत चौपदरी घडी केलेला सातबारा. त्यावर तेवीस नावे, त्यांतील निम्मी दिवंगत. भाऊबंदांनी गडगा पुढे सारून तिची पाणंद अडवली होती. ती म्हणाली, "माका तारीख नको, माका वाट व्हयी." उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरास आले, म्हणजे वरचे न्यायालयही, घाटमाथ्यापलीकडे का होईना, पुष्कळ जवळ आले, याचा मला मनापासून आनंद आहे, तथापि त्या तेवीस नावांचा गुंता कोणतेही न्यायालय आपणहून उकलणार नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ८५व्या कलमान्वये सहधारकांना संमतीने तहसीलदारांपुढे वाटप करून घेता येते. तेव्हा माझी विनंती एवढीच: चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आणि गावचे भाऊबंद एका घरात जमतील, त्यापूर्वी तलाठ्याकडून उतारा आणून ठेवा, वारसांची नावे लावून घ्या, आणि गडगा कोठून जायचा, ते जाणते म्हातारे हयात आहेत तोवर, त्यांना बरोबर घेऊन, जागेवर उभे राहून ठरवा.