साहेब स्वतः शेअर घेतात तेव्हा



११ फेब्रुवारी २०१६. अमेरिकेचा शेअर बाजार वर्षाच्या सुरुवातीपासून कोसळत होता, तेलाचे भाव गडगडले होते आणि बँकांच्या शेअरना कोणी विचारत नव्हतं. त्या संध्याकाळी बातमी आली, की जेपी मॉर्गन चेस बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनी आपल्याच बँकेचे ५ लाख शेअर घेतले. भाव ५३ डॉलरच्या आसपास, म्हणजे रक्कम सुमारे २.६६ कोटी डॉलर. दुसऱ्या दिवशी शेअर आठेक टक्क्यांनी उसळला. तो दिवस त्या घसरणीचा तळ होता, हे नंतर दिसलं. वॉल स्ट्रीटने त्याला ‘डायमन तळ’ असं नाव देऊन टाकलं.

आता यातून आपण काय घ्यायचं? साहेबांना आतली काहीतरी बातमी होती, असं तुमच्या मनात आलं असेल. पण जाहीर न झालेली महत्त्वाची माहिती हाताशी ठेवून शेअर घेणं हा तिथे गुन्हा आहे. म्हणजे खरेदी कायदेशीर असेल, तर तिच्यामागे गुपित नसायला हवं! मग उरतो तो साहेबांचा अंदाज. शिवाय १२ तारखेला कच्चं तेलही बारा टक्क्यांच्या आसपास चढलं होतं. त्याचं श्रेय डायमनना कसं द्यायचं?

माझ्या मते त्या खरेदीत गुंतवणूक होती, पण त्याहून अधिक ते एक निवेदन होतं. बातमी फुटणार हे त्यांना ठाऊक होतं. ती फुटावी म्हणूनच वेळ साधलेली. याआधीही, जानेवारी २००९ मध्ये, ऐन मंदीत, त्यांनी ५ लाख शेअर घेतले होते. ‘लंडन व्हेल’ प्रकरणात बँकेचे अब्जावधी डॉलर बुडाले, तेव्हा जुलै २०१२ मध्ये पुन्हा ५ लाख. तरीही हे निवेदन मी गंभीरपणे घेतो, कारण त्याला किंमत मोजलेली आहे. २०१५ साठी त्यांचा एकूण मोबदला २.७ कोटी डॉलर ठरला होता. वर्षाची जवळजवळ सगळी कमाई एका सौद्यात घातली.

खानावळीचा मालक स्वतःच्याच खानावळीत जेवताना दिसला की आपल्याला धीर येतो. पण त्याने बिल भरलं का, हे पाहायला हवं. अमेरिकेत अधिकाऱ्याच्या व्यवहाराचा ‘फॉर्म ४’ दोन कामकाजी दिवसांत भरावा लागतो. त्यात प्रत्येक व्यवहारापुढे एक अक्षर असतं. ‘पी’ म्हणजे स्वतःच्या पैशाने केलेली खरेदी. ‘ए’ म्हणजे कंपनीने दिलेले शेअर, ‘एम’ म्हणजे ऑप्शन वापरून मिळालेले. ‘साहेबांचे शेअर वाढले’ अशा बातम्यांमागे पुष्कळदा ही शेवटची दोन अक्षरं असतात.

हा दोन दिवसांचा नियम २००२ चा. तो येण्याआधी काय चालायचं, ते एन्रॉनमध्ये दिसलं. दाभोळमुळे हे नाव आपल्याला वेगळं सांगायला नको. २६ सप्टेंबर २००१ रोजी एन्रॉनचे प्रमुख केनेथ ले यांनी कर्मचाऱ्यांना ऑनलाइन गप्पांत सांगितलं, की गेले दोन महिने आपण कंपनीचे शेअर घेत आहोत. ते खोटं नव्हतं. आरोपपत्रातला हिशेब असा, की त्या काळात त्यांनी सुमारे ४० लाख डॉलरचे शेअर घेतले आणि सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचे कंपनीलाच परत विकले. कंपनीला केलेली विक्री तेव्हा लगेच जाहीर करावी लागत नसे. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

ले यांची लबाडी होती, असं म्हणून सुटता येतं. चेसापीक एनर्जीच्या ऑब्री मॅक्लेंडन यांचं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं, कारण त्यांचा विश्वास खरा होता. नैसर्गिक वायूच्या या कंपनीचे शेअर ते घेतच सुटले, तेही दलालाकडून पैसे उसने घेऊन, मार्जिनवर. ऑक्टोबर २००८ मध्ये भाव कोसळला आणि त्यांचे ९४ टक्के शेअर, ३ कोटी १० लाखांहून जास्त, सुमारे ५७ कोटी डॉलरला विकावे लागले. त्यांच्या पाठोपाठ शेअर घेणाऱ्या सामान्य माणसाचंही नुकसान झालं, पण संचालक मंडळाने त्या वर्षी ११ कोटी डॉलरहून जास्त मोबदला दिला तो फक्त मॅक्लेंडनना.

अभ्यासकांचं काय म्हणणं, ते थोडक्यात सांगतो. लाकोनिशोक आणि ली यांनी २००१ मध्ये दाखवलं, की खरेदीतून थोडंफार कळतं, विक्रीतून जवळजवळ नाही, आणि खरेदीतलंही बरंचसं छोट्या कंपन्यांत. कोहेन, मॅलॉय आणि पोमोर्स्की यांनी २०१२ मध्ये दरवर्षी ठरावीक महिन्यात होणारे व्यवहार बाजूला काढले. उरलेल्या अवचित व्यवहारांतच माहिती होती.

आपल्याकडे गोष्ट जरा वेगळी. इथला प्रमुख पुष्कळदा प्रवर्तकच असतो, त्यामुळे खरेदी स्वस्त वाटलं म्हणून झाली की कंपनीवरची पकड घट्ट करायला, हे सांगणं अवघड. पंचवीस टक्क्यांच्या वर हिस्सा असलेल्याला खुली ऑफर न देता वर्षाला पाच टक्के वाढवता येतात. वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे शेअर घेण्याचे हक्क, घेतले तर आधी फक्त चौथाई पैसे भरायचे, बाकीचे दीड वर्षात. भाव पडला तर सोडून द्यायचे. प्रवर्तकाने शेअर घेतल्याची बातमी वाचली की मी दर तिमाहीला एक्स्चेंजवर येणारा भागधारणेचा तक्ता उघडतो आणि त्यातला तारण शेअरचा रकाना बघतो. निम्मे शेअर कर्जापोटी गहाण असतील, तर भाव आणखी पडू नये ही गरज साहेबांचीच आहे, आणि त्या खरेदीतून मला कंपनीबद्दल काहीच कळत नाही.