कमरेचे दुखणे आणि आपण
(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. मग कमरेच्या दुखण्यावर मी का बोलावे, असे आपणास वाटेल. त्याचे कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील नववीचा एक हुशार मुलगा शाळेत येईनासा झाला. मी त्याच्या घरी गेलो. वडील हमाली करणारे. पोते उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली होती. जो तो सांगू लागला, “हलू नका, मणका सरकेल.” कोणी पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतली, त्याने दुखणे आणखीच वाढले. दीड महिना ते अंथरुणाला खिळून होते. अंग आखडले, कमाई थांबली आणि मुलगा बेकरीत कामाला लागला. एका कमरेच्या दुखण्याने घरातले शिक्षण बंद पाडले!

मित्रांनो, आपला कणा म्हणजे मडक्यांची उतरंड नव्हे, की जरा हलले आणि ढासळले. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके, त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचा जुळलेला भाग, मणक्यांमध्ये लवचीक चकत्या आणि भोवती स्नायूंची घट्ट बांधणी, अशी ही मजबूत रचना आहे. बहुतेक वेळा दुखण्यामागे गंभीर आजार नसतो आणि काही आठवड्यांत ते बरेच कमी होते. पायात उतरणारी कळसुद्धा बहुतेकांची शस्त्रक्रियेवाचून शमते. फोटोत चकती फुगलेली दिसली म्हणून घाबरू नये. ज्यांना काहीच दुखत नाही अशा अनेकांच्या फोटोतही ती तशी दिसते.

मग करावे काय? पहिले एक-दोन दिवस सोसवेल तेवढा आराम घ्यावा, शेक घ्यावा. पण अंथरूण धरू नये. घरातल्या घरात चालावे आणि रोज थोडे थोडे वाढवावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, थोडे दिवस घ्याव्यात. पोटाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास तो आधी सांगावा. दुखणे रेंगाळल्यास फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून ते नियमाने करावेत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर आहे; कमरपट्टा व वजन लावून ताणणे यांची मात्र नेहमीसाठी शिफारस नाही.

दुखणे पुन्हा उलटू नये म्हणून चालण्याइतका स्वस्त उपाय नाही. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांवरील अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी उलटले, इतरांचे ११२ दिवसांनीच. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या भगिनींनी अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. ओझे गुडघे वाकवून, अंगालगत धरून उचलावे. विद्यार्थ्यांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नसावे, असे केंद्र सरकारचे २०२० चे दप्तर-धोरण सांगते. पालकांनी ते एकदा तराजूवर ठेवून पाहावे.

मात्र काही खुणा दिसल्या तर क्षणभरही घरी थांबू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांमधला भाग बधिर होणे, पायातली शक्ती कमी होत जाणे, पडझडीनंतरचे तीव्र दुखणे, या वेळी ताबडतोब रुग्णालय गाठावे. रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय तर नाही ना, हे लवकर तपासून घ्यावे. अशा वेळी शस्त्रक्रिया सांगितली तर तिलाही भिऊ नये. आणि लाथ, झटका, मणका ‘बसवून देणे’ हे प्रकार तर कधीच करू नयेत.

त्या हमाल गृहस्थांना आम्ही सरकारी रुग्णालयात नेले. तपासून डॉक्टर म्हणाले, “उठा, चाला.” पहिल्या दिवशी ते दारापर्यंत गेले, पंधरा दिवसांनी मशिदीपर्यंत. पुढे ते हलक्या कामावर रुजू झाले. मुलाचे एक वर्ष वाया गेले खरे. पण यंदा तो दहावीच्या परीक्षेला बसला.

पालकहो, घरात कोणाची कंबर धरली तर अंथरूण घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि मुलाचे नाव शाळेतून काढण्याआधी आम्हाला विचारा. एवढेच मागणे मागून आपली रजा घेतो.