वरचा थर शेवटी ठरवू
(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात खरं म्हणजे आठवणी सांगायच्या असतात. पण सचिवांनी मला विषय दिला तो पायाखालचा. गेटपासून मागच्या इमारतीपर्यंतचा रस्ता आणि पार्किंग नव्याने करायचं आहे. ते कशाचं करायचं, यावरून गेल्या दोन सभांत डांबरवाले, काँक्रीटवाले आणि ब्लॉकवाले असे तीन पक्ष तयार झालेत. चौथा पक्ष 'आहे ते काय वाईट आहे' म्हणणाऱ्यांचा. तो पुण्यात कायमच असतो! खर्च दुरुस्ती निधीतून, म्हणजे आपल्या सर्वांच्या खिशातून होणार आहे. एकदा केलं की पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यावरूनच चालायचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. वरचा थर कशाचा, हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी तीन प्रश्न आहेत: पाणी कुठे जाणार, वजन किती येणार आणि खाली काय पुरलंय?

रस्त्यांचा विषय निघाला की पुणेकर जंगली महाराज रस्त्याचं नाव काढतोच. 1976 साली रेकाँडो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन तो बांधला. हमी संपली तरी रस्ता काही उखडला नाही. खड्डे नसलेला रस्ता म्हणून तो कित्येक दशकं गाजला. आता गंमत बघा, तो रस्ता डांबराचा होता, आणि दर पावसाळ्यात उखडणारे शहरातले बाकीचे रस्तेही डांबराचेच होते. म्हणजे फरक मालाच्या नावात नव्हता. तो कामात होता, आणि त्या कामाची जबाबदारी लेखी घेण्यात होता.

पहिला प्रश्न पाण्याचा. आपला रस्ता आणि पार्किंग मिळून 500 चौरस मीटर धरू. तासाभरात 20 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर 10,000 लिटर पाणी पडतं. उन्हाळ्यात पैसे मोजून आपण जो टँकर मागवतो, तसा अख्खा टँकर! हे पाणी कुठे जातं? थोडं गेटबाहेर, आणि बरंचसं 'अ' इमारतीच्या जिन्यापाशी. जुन्या वाड्यांतल्या चौकाची फरसबंदी आठवा. पाणी मोरीकडे जावं असा उतार तिला दिलेला असायचा. आपल्यालाही तेच करायचंय. दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार इमारतीपासून बाहेरच्या बाजूला, आणि कडेने साफ करता येईल अशी जाळीची गटार. ते पाणी गाळणी लावून शोषखड्ड्यात सोडता येईल. मात्र पार्किंगमधलं तेलकट पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. बोअरसाठी गच्चीचं पाणी चांगलं.

यातच पातळीचा मुद्दा येतो, आणि तो तळमजल्यावरच्या सभासदांच्या जिव्हाळ्याचा आहे. जुन्यावर नवा थर चढवणं स्वस्त पडतं, पण प्रत्येक थराला रस्ता दोन-चार इंच वर येतो आणि जोतं तेवढं खाली जातं. शहरात कितीतरी इमारतींचे जिने असेच रस्त्याच्या खाली गेलेत. म्हणून जुना थर आधी काढायचा. नवी पातळी जोत्याच्या किती खाली राहील, ते भिंतीवर रंगाने आखून ठेवायचं. हे काम सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा. आपली मोटार एक-दीड टनाची. दहा हजार लिटरच्या टँकरमधलं नुसतं पाणीच दहा टन, गाडीचं वजन वेगळं. रस्तेबांधणीत एक ढोबळ नियम आहे. आसावरचं वजन दुप्पट झालं, की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. म्हणजे आपला रस्ता मोटारींनी नाही, टँकरने खचलाय. तो गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंतच जातो, आणि खड्डेही नेमके तिथेच आहेत. घरी जाताना बघा.

तिसरा प्रश्न खालच्या जमिनीचा. पुण्यात कुठे मुरूम लागतो, कुठे काळी माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर काहीही घाला, ते हलणारच. दोन-तीन ठिकाणी दोन-दोन फूट खणून आधी बघा. काळी माती निघाली तर ती काढून मुरूम भरा, रोलरने दाबा, मगच पुढचं. शिवाय पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल हे सगळं रस्त्याखालीच आहे. पंचवीस वर्षांचे जुने पाइप बदलायचे असतील तर ते आत्ता बदला. उद्या विजेच्या गाड्यांचं चार्जिंग येणार, त्यासाठी आडवे रिकामे पाइप आत्ताच टाकून ठेवा. नाहीतर नव्या रस्त्याला पहिला घाव आपणच घालू.

आता माल. डांबर लवकर होतं आणि स्वस्त पडतं. पण साचलेलं पाणी हा त्याचा शत्रू, गळकं ऑइल-पेट्रोल दुसरा. एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीचं स्टँड त्यात रुततं. छोट्या कामाला माल पोहोचेपर्यंत थंड होतो आणि मग नीट दबत नाही.

काँक्रीट वजनाला सर्वांत भक्कम. पण त्याला धीर लागतो. निदान दहा-चौदा दिवस पाणी मारायचं, गाड्या तोवर बाहेर. तीन-चार मीटरवर खाचा वेळेत कापल्या नाहीत, तर तडे आपली जागा आपणच शोधतात. आणि खालचा पाइप फुटला तर फोडावंच लागतं.

पेव्हर ब्लॉकचा फायदा असा, की ते उचलून खालचं काम करून पुन्हा बसवता येतात, आणि सांध्यांतून थोडं पाणी मुरतं. भारतीय मानकात हलक्या वाहतुकीला 60 मिलिमीटर जाडीचे एम-35 आणि मध्यम वाहतुकीला 80 मिलिमीटरचे एम-40 ब्लॉक सांगितले आहेत. रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक दिसायला छान, पण ओले झाले की घसरतात. यंत्रावर दाबून केलेले खरबरीत घ्या. कडेला पक्का कर्ब हवाच, नाहीतर ब्लॉक हळूहळू पांगतात.

शहाबादी फरशी आपल्या ओळखीची. गाडीखाली पातळ फरशी फुटते, पण चालायच्या वाटेला खरबरीत शहाबादी उत्तम. पॉलिश केलेला कोटा मात्र बाहेर नकोच. सत्तरीतल्या सभासदाचं एक हाड मोडलं, तर वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातील!

म्हणून माझी सूचना अशी की सगळीकडे एकच माल नको. गेटपासून टाकीपर्यंत काँक्रीट. पुढचा रस्ता आणि गाड्या वळायची जागा 80 मिलिमीटरचे ब्लॉक, तिरक्या वीणीत. फक्त मोटारी उभ्या राहतात तिथे 60 मिलिमीटर चालतील. कडेने चालायला शहाबादी. आणि झाडांभोवती चारी बाजूंनी एक मीटर माती उघडी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हेच सांगितलं होतं. आपल्या गुलमोहराची मुळं फरशी उचलतात अशी तक्रार असते, पण त्याला श्वास घ्यायला आपण जागाच ठेवलेली नाही.

शेवटी कराराचं. तीन कोटेशन मागवतो आणि खालचा आकडा बघतो, ही आपली जुनी सवय. पण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींचे दर दिले असतील तर तुलना कशाची करणार? थरांची जाडी, ब्लॉकची प्रत, उतार, पातळी हे आधी आपण लिहायचं, मग दर मागवायचे. पाचदहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची. आणि शेवटचं बिल देण्याआधी गेटपाशी पाइप धरून पाणी सोडायचं. ते गटारीकडे गेलं तर चेक, जिन्याकडे गेलं तर नाही.

येत्या वार्षिक सभेत मतदान आहे. माल कोणताही निवडा, पण ठरावात पातळी आणि उतार आकड्यांत लिहून घ्या, एवढीच विनंती. सुवर्णमहोत्सवाला आपल्यातले जे असतील, त्यांनी या रस्त्यावरून कोरड्या पायाने सभागृहात यावं.