नळ आला, पुढे काय?

(फुलसावंगी, जि. यवतमाळ येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या शेजारचा पुसद तालुका म्हणजे वसंतराव आणि सुधाकरराव नाईक या दोन मुख्यमंत्र्यांचा तालुका. सत्ता इतक्या जवळ नांदूनही या मुलखातील आदिवासी वस्तीचा पाण्याचा प्रश्न सुटलेला नाही. त्याचे कारण केवळ निसर्गात शोधणे ही पळवाट होय.

1972च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या खेड्यांत विंधनविहिरी व हातपंप आणले. 2019 साली केंद्राने जलजीवन मिशन जाहीर करून घरोघरी नळ आणि माणशी दररोज 55 लिटर पाणी देण्याचे वचन दिले. टाक्या उभ्या राहिल्या, नळ्या पुरल्या गेल्या. परंतु योजना बांधणे निराळे आणि ती वर्षानुवर्षे चालवणे निराळे. बांधकामात ठेकेदाराला रस असतो. चालवण्यात मते नाहीत आणि टक्केवारीही नाही.

योजना चालवण्याचा भार ग्रामपंचायत आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर येतो. पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, टीसीएल पावडर, जळालेली मोटर, हा सारा खर्च पाणीपट्टीतून भागवावा, अशी अपेक्षा आहे. आदिवासी बहुसंख्य असलेल्या गावाने बांधकामाचा दहाऐवजी 5 टक्केच वाटा उचलावा, असे मिशनचे मार्गदर्शक धोरण सांगते. म्हणजे बांधताना सरकारला आदिवासीचे दारिद्र्य दिसते. चालवताना मात्र दिसत नाही! मजुरीसाठी घर महिनोन्‌महिने बंद ठेवणाऱ्या कुटुंबाची पाणीपट्टी थकते, मग वीज तुटते, नळ कोरडा पडतो आणि दोष आदिवासींच्या माथी मारला जातो.

दुसरा प्रश्न शुद्धतेचा. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. अन्य स्रोत नसेल तर दीडपर्यंत. त्यापुढे मुलांचे दात डागाळतात आणि दीर्घकाळ असे पाणी प्यायल्यास हाडे, सांधे जखडतात. हे पाणी दिसायला नितळ असते. उकळून किंवा टीसीएल टाकून फ्लोराइड जात नाही. तपासणी हाच ते ओळखण्याचा मार्ग. गावोगावी 5 महिलांना तपासणी संचाचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. पण पाणी दूषित निघाल्यावर दुसरा स्रोत कोण देणार, याचे उत्तर त्या संचात नसते.

तिसरी गोष्ट कायद्याची. जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या बाजूला आहे, महागाव त्याबाहेर. पेसा ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट मिळू लागला. सीमारेषेबाहेरच्या आदिवासी वस्तीला त्याचा आधार नाही. तहान मात्र सीमारेषा जाणत नाही.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेने 1959 साली मूलनिवासी वस्त्यांत पाणी व स्वच्छतेच्या सोयी बांधण्याचा कायदा केला. तेथेही बांधल्यानंतर चालवायचे कोणी, हा प्रश्न उरलाच. तेथे लहान खेड्यांच्या योजनांसाठी गावोगाव फिरणारे तंत्रज्ञ असतात. ते येतात, बिघाड शोधतात आणि स्थानिक माणसाला हाताशी धरून शिकवतात. पुसदला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असताना येथे ते का होऊ नये?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आदिवासी वस्त्यांच्या योजनांचे वीजबिल व दुरुस्ती यांसाठी दरवर्षी हक्काचा निधी. दर काही गावांमागे एक फिरता तंत्रज्ञ. पाणी सोडणाऱ्याला किमान वेतन. आणि पाणी तपासणीचा निकाल ग्रामसभेत जाहीर वाचन करून फळ्यावर लावणे. समितीत आदिवासी स्त्रिया नावापुरत्या असू नयेत. हिशेबाची वही त्यांच्यापुढे उघडली पाहिजे.

1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा लढा माणुसकीचा लढा झाला. सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळ त्याच वाटेने पुढे नेली. तेव्हा प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. आज तेच पाणी शुद्ध आणि रोज मिळण्याचा आहे. कार्यकर्त्याने मोर्चाआधी ग्रामसभेत जाऊन वही मागावी. लढ्याची सुरुवात तेथून होते.