तार बसवण्याआधी मुलीला काय सांगायचं?

आज आम्हाला तारेबद्दल बोलायचं आहे. द्राक्षबागेच्या मांडवाची तार नव्हे, दातांची. आमच्या गटांच्या नोंदवहीत अंतर्गत कर्जाची कारणं लिहिताना बियाणं, शेळी, शाळेची फी यांच्या जोडीला आता ‘मुलीच्या दातांना तार’ हेही कारण दिसायला लागलं आहे. काही जणी नाक मुरडतात, हे काय नवीन फॅड म्हणून. आम्हाला तसं वाटत नाही. पुढे आलेले, एकावर एक चढलेले दात नीट घासता येत नाहीत. पडलं-झडलं तर पुढे आलेला दात आधी तुटतो. काहींना घास धड तोडता येत नाही. नुसता दिसण्याचा प्रश्न नाही तो.

कर्ज मंजूर होतं, दवाखान्याची तारीख ठरते, आणि मग बैठकीत एकच विषय निघतो : दुखतं का हो? एक म्हणते, काही नाही, मुंगी चावल्यासारखं. दुसरी म्हणते, माझ्या नणंदेच्या पोरीने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, रडून रडून डोळे सुजले. मुलगी दाराशी उभी राहून दोन्ही ऐकत असते. आमचं म्हणणं असं की दोन्ही बोलण्यांनी तिचं नुकसानच होतं.

‘काही दुखत नाही’ असं सांगून नेलेली मुलगी खुर्चीवरून उठते तेव्हा तिला ते पटलेलं असतं. कारण तार बसवताना खरंच फारसं दुखत नाही. सुई नाही, कापाकापी नाही. दातांवर बारीक ब्रॅकेट चिकटवतात आणि त्यातून तार ओवतात. तोंड उघडं ठेवून जबडा तेवढा अवघडतो. मग ती एसटीने घरी येते, आणि संध्याकाळी ठणका सुरू होतो. आता तिला वाटतं, काहीतरी बिघडलं. आईलाही तेच वाटतं. पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यावरून रात्री दातांचा डॉक्टर कुठून गाठायचा? एका घरात अशा वेळी पक्कड बाहेर आली होती, हे आम्हाला माहीत आहे. तार ओढून काढली. पैसे गेले, दात होते तिथेच राहिले, आणि उरलेल्या ब्रॅकेटांच्या कडेला अन्न अडकून कीड लागली ती वेगळीच.

म्हणून मुलीला दिवस मोजून सांगा. बसवल्यावर चारेक तासांनी दुखायला लागेल. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखेल, चावताना तर फारच. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतार पडेल, आणि आठवड्याभरात बहुतेक जाईल. काही ठिकाणी तार बसवण्याच्या आधी काही दिवस दाढांच्या फटीत बारीक रबरी कड्या घालतात, जागा करण्यासाठी. त्यांनीही दोनतीन दिवस ठणकतं, तेही आधीच सांगून ठेवा. दात काढावा लागणार असेल तर तो वेगळ्या दिवशी, बधिर करून काढतात. त्याचं काय ते डॉक्टरांना विचारून घ्या.

दुखतं का, हेही तिला कळू द्या. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक धाग्यांचं आवरण असतं, त्यावर तारेचा दाब येतो आणि ते हुळहुळं होतं. ज्या बाजूला दात सरकतो तिथलं हाड हळूहळू विरघळतं, मागे नवीन भरतं. आपण वेलीची काडी मांडवावर वळवतो, तेव्हा एका झटक्यात वळवत नाही. तसंच हे, म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. दुखणं म्हणजे बिघाड नव्हे, काम सुरू झाल्याची खूण आहे, एवढं मुलीला समजलं की तिची निम्मी घालमेल थांबते.

आता दुसरं बोलणं, घाबरवणारं. जी मुलगी धसका घेऊन जाते तिला जास्त दुखतं, असं दातांच्या डॉक्टरांना अभ्यासातही दिसलं आहे. याचा अर्थ ती नाटक करते असा नाही हं. भीतीने दुखणं खरोखरच वाढतं. बाळंतपणाला गेलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, तो आम्हाला फार आवडला. तार बसवलेल्या १५० जणांचे तीन गट केले. पहिल्या गटाला नंतर दवाखान्यातून फोन केला, धीर दिला. दुसऱ्याला फोन केला, पण नुसते आभार मानले. तिसऱ्याला फोनच नाही. फोन आलेल्या दोन्ही गटांनी दुखणं कमी सांगितलं. म्हणजे फोनवर काय बोललं याला तितकं महत्त्व नव्हतं; कुणीतरी आठवण काढली, याला होतं. यात खर्च काय आहे सांगा? तार बसवलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गटातल्या एकीने फोन करायचा, ‘काय गं, आज कसं आहे? जेवलीस का?’ आमच्या दोन गटांनी हे सुरू केलं आहे. कुणी करायचा ते कर्ज देतानाच ठरवतात, नाहीतर सगळ्या एकमेकींवर ढकलतात.

खाण्याचं आधीच बघून ठेवा. पहिले चार दिवस मऊ भात-वरण, खिचडी, नागलीची पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, केळं. ऊस, कणीस, चिक्की, फुटाणे हे तार असेपर्यंत बंद; त्यांनी ब्रॅकेट निखळतं. पेरू दाताने तोडायचा नाही, बारीक फोडी करून द्या. द्राक्षं खुशाल खाऊ द्या. गालाला घासून फोड येतात, त्यासाठी दवाखान्यातून मेण मिळतं, ते टोचणाऱ्या जागी लावायचं. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या.

गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे पॅरासिटामॉल देतात. आपली कंबरदुखीची गोळी मुलीला देऊ नका. काही वेदनाशामक गोळ्यांनी दात सरकण्याचं काम मंदावू शकतं. आणि मशेरी तर नाहीच नाही. दात दुखला की डबी पुढे करणारी एखादी आजी प्रत्येक घरात असते, तिला आधीच बजावून ठेवा. तंबाखूची सवय अशीच लागते.

तोंड सुजलं, ताप आला, तार गालात रुतली किंवा आठवड्यानंतरही ठणका कमी होत नसेल, तर थांबू नका, दाखवा. निघतानाच दवाखान्याचा फोन नंबर वहीत लिहून आणा. नाशिकला पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खाजगी दवाखान्यात जाण्याआधी तिथला एकूण खर्च आणि हप्त्यांची सोय विचारा, मगच गटाकडे कर्जाचा आकडा मांडा. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्यात धरा, कारण खेप जवळजवळ दर महिन्याला असते.

दर खेपेला तार घट्ट केली की एकदोन दिवस पुन्हा ठणका येतो, बहुधा पहिल्याइतका नाही. तेव्हा मुलीच्या शाळेचं वेळापत्रक सोबत न्या आणि परीक्षेच्या आदल्या दिवशीची तारीख घेऊ नका. चार दिवस पुढे-मागे करून मागितली तर डॉक्टर देतात.