हिरव्या बनातीवरील पैजा

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही जुगाऱ्यांविषयी बोलण्यास उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुगारी हा आपल्या वाङ्मयात आगंतुक नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांनी नागवलेल्या माणसाचा विलाप एका संपूर्ण सूक्तात आहे. द्यूतसभेवाचून महाभारत नाही आणि पुष्कराच्या डावावाचून नलकथा नाही. 'मृच्छकटिका'तील, देणे चुकवून पळणारा संवाहक गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणला आणि आपल्या पूर्वजांनी त्याचे स्वागतच केले. तेव्हा द्यूतकाराची निंदा करावी, पण त्याची कथा आवडीने ऐकावी, अशीच आपली परंपरा आहे. त्या परंपरेचा आधार घेऊन आम्ही आज बिलियर्ड आणि पूल या खेळांतील जुन्या पैजबहाद्दरांची आठवण काढणार आहोत.

हा विषय जयपुरास परका वाटेल. तो तसा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये बिलियर्डचा एक असामान्य खेळाडू होऊन गेला. त्याचे नाव जॉन रॉबर्ट्‌स, धाकटा. जन्म 1847 सालचा, मृत्यू 1919 सालचा. त्याचा बापही त्याच नावाचा आणि त्याच खेळातला अग्रणी. 1870 च्या फेब्रुवारीत लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये विल्यम कुक या तरुणाने या बापाचा पराभव केला. त्या सामन्याला युवराज एडवर्ड स्वतः उपस्थित होते. दोनच महिन्यांनी मुलाने कुकला हरवून घराण्याचे नाव परत मिळवले. पुढे हा धाकटा रॉबर्ट्‌स देशोदेशी खेळत हिंदुस्थानात आला आणि जयपूरच्या महाराजांनी त्याला दरबारी बिलियर्डपटू नेमून वर्षाला 500 पौंडांचे वेतन बांधून दिले. दरबारी गवई आणि दरबारी चित्रकार आपण ऐकतो. दरबारी बिलियर्डपटू मात्र आमच्या ऐकण्यात दुसरा नाही.

ज्या नगरात हे घडले, त्याची त्या काळातील हवाही ध्यानात घेतली पाहिजे. 1880 पर्यंत राज्य करणारे सवाई रामसिंह स्वतः छायाचित्रे काढणारे राजे होते. त्यांच्या कारकिर्दीत रामनिवास बाग झाली, नाटकगृह झाले. 1876 साली तेच युवराज एडवर्ड येथे आले. त्यांच्या स्वागतार्थ शहर गुलाबी रंगवल्याची कथा आपण पाहुण्यांना सांगत असतो, आणि अल्बर्ट हॉलची कोनशिलाही त्याच भेटीत बसली. नव्या गोष्टींचे कुतूहल असणारे हे नगर होते, आणि ते कुतूहल त्याहून जुने होते. सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले महाराष्ट्रीय पंडित सम्राट जगन्नाथ यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणून 'रेखागणित' सिद्ध केले. बिलियर्डच्या टेबलावर चेंडू गादीला ज्या कोनात भिडतो जवळजवळ त्याच कोनात परततो, हे कळण्यास लागणारी भूमिती या दरबारात एका मराठी माणसाने आधीच आणून ठेवली होती, असे विनोदाने म्हणता येईल.

आता पैजेकडे वळू. 'पूल' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी खेळणाऱ्यांनी एकत्र टाकलेली पैशांची रास असा आहे. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या अड्ड्यांना 'पूलरूम' म्हणत. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तेथे टेबले ठेवलेली असत. पुढे रास विसरली गेली आणि तिचे नाव टेबलाला चिकटले. इंग्रज पलटणींच्या मेसमध्ये जे पूल खेळत, त्यात प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या रंगाचा असे आणि प्रत्येकाला ठरावीक 'जीव' असत. आपला चेंडू दुसऱ्याने खिशात घातला की एक जीव गेला आणि पैसे मोजावे लागले. या जुगारातूनच स्नूकर जन्मास आले. 1875 साली, जबलपूरच्या छावणीत, नेव्हिल चेंबरलेन या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्याने पंधरा लाल आणि एक काळा चेंडू घेऊन चाललेल्या डावात आणखी रंग मिसळले, तेव्हा हा खेळ सिद्ध झाला. जबलपूर त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात मोडत होते; तेव्हा या शोधाचे शेजारपण आपल्याकडेही येते. 1882 साली उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. आणि 1885 साली कलकत्त्यात चेंबरलेनकडून या खेळाची माहिती घेऊन तो इंग्लंडला नेणारा गृहस्थ कोण? आपल्या जयपूर दरबारचा वेतनदार, जॉन रॉबर्ट्‌स.

परंतु ज्यांना वेतन बांधून देणारा राजा भेटला नाही, त्यांचे काय झाले? येथे आमच्या कथेचा खरा नायक प्रवेश करतो. इंग्रजीत त्याला 'हसलर' म्हणतात. 'ठक' म्हणावे तर त्याच्या हातातील कौशल्यावर अन्याय होतो. 'खेळाडू' म्हणावे तर हरलेल्यांवर. आम्ही त्याला 'सोंगाड्या खेळिया' म्हणू. त्याची कला दुहेरी असते. एक हात काठीवर, दुसरा समोरच्याच्या मनावर. परक्या गावात तो अनोळखी म्हणून येतो, दोन डाव थोडक्यात हरतो, सोपा चेंडू चुकवून कपाळावर हात मारून घेतो, आणि पैज दुप्पट करण्याची सूचना स्वतः करीत नाही. ती सावजाकडून करवून घेतो. मग तो जिंकतो, पण तेही नशिबाने जिंकल्यासारखे, म्हणजे हरणारा उद्या पुन्हा येतो. शकुनीने फासे खोटे केले, अशी आपली समजूत आहे. या माणसाची काठी खरी, चेंडू खरे, टेबल खरे. खोटा तो स्वतः असतो.

अमेरिकेत या मंडळींचा बहराचा काळ म्हणजे गेल्या शतकाची मधली दशके. इलिनॉय राज्यातील जॉन्स्टन सिटी या लहानशा गावी 1961 सालापासून जॅन्स्को बंधूंनी या सोंगाड्यांचाच मेळा भरविला. स्पर्धा संध्याकाळी संपे आणि खरा खेळ रात्री, प्रेक्षकांच्या पैजांसह, सुरू होई. 1972 साली सरकारने तेथे धाड घातली आणि तो मेळा मोडला. त्याच 1961 साली 'द हसलर' हा चित्रपट निघाला. त्यातील 'मिनेसोटा फॅट्‌स' या पात्राचे नाव रुडॉल्फ वॉन्डरोन या वल्गनाप्रिय जुगाऱ्याने स्वतःस लावून घेतले आणि ते पात्र आपल्यावरूनच बेतले, असे तो जन्मभर सांगत राहिला. याच्या उलट विली मोस्कोनी. तो अनेक वेळा जगज्जेता झालेला, 1954 साली एका फेरीत सलग 526 चेंडू खिशात घालणारा सरळमार्गी खेळाडू. सोंगाड्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. 1978 साली दोघे दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले. मोस्कोनी जिंकला. पण बोलघेवडेपणामुळे लोकांच्या तोंडी फॅट्‌सचे नाव राहिले. गुण एकाकडे आणि गोष्ट दुसऱ्याकडे, असा हा निवाडा आहे.

फिलिपाइन्सच्या एफ्रेन रेयेस याची हकीकत याहून बोलकी आहे. काकाच्या पूलगृहात टेबलांवर झोपून वाढलेला हा मुलगा पैजा लावून मोठा झाला. 1985 साली तो अमेरिकेत गेला तो सेझर मोरालेस या खोट्या नावाने, कारण त्याची कीर्ती त्याच्या आधी तेथे पोहोचली होती आणि खऱ्या नावाने कोणी त्याच्याशी खेळले नसते. पुढे 1999 साली तोच मनुष्य उजळ माथ्याने, स्वतःच्या नावाने, जगज्जेता झाला. सोंग टाकून देण्यास त्याला केवळ एक खुले व्यासपीठ हवे होते.

आपल्याकडे या खेळाची गादी क्लबांत होती आणि क्लबात मार्कर होता. गुण मोजणारा, काठीला खडू लावून देणारा, साहेबाचा एकटेपणा घालविण्यासाठी त्याच्याशी खेळणारा आणि पुष्कळदा साहेबाहून सरस असूनही बेताने हरणारा. श्रोतेहो, हेही सोंगच. पण पैजेसाठी नव्हे, नोकरीसाठी. खेळातून पोट भरतो म्हणून तो धंदेवाईक गणला जाई आणि हौशी खेळाडूंच्या स्पर्धांचे दार त्याला बंद असे. किती उत्तम हात असे नोंदवहीबाहेर राहिले असतील, याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

ज्याला दार उघडे मिळाले, त्याने काय केले हेही पाहा. 1922 साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्यात बिलियर्डचे जागतिक हौशी विजेते झाले आणि 1964 साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. राष्ट्रीय बिलियर्ड विजेतेपद त्यांनी बारा वेळा मिळविले. त्यांच्यामागून मुंबईचे मायकेल फरेरा यांनी 1977, 1981 आणि 1983 साली जागतिक हौशी विजेतेपद पटकावले. 1981 साली त्यांनी पद्मश्री नाकारली. क्रिकेटपटूला पद्मभूषण मिळते, तर जगज्जेत्या बिलियर्डपटूस का नको, हा त्यांचा सवाल होता. 1983 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. हाही गुणाच्या मोलाचाच वाद होता. फरक इतकाच की तो अंधाऱ्या खोलीत झाला नाही, चारचौघांत झाला.

कायद्यानेही या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज घेतली आहे. 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्यावर मुख्यतः अवलंबून असलेल्या स्पर्धा जुगारात मोडत नाहीत, असे ठरविले आणि 1967 साली रमीच्या पत्त्यांना तीच कसोटी लावली. 2025 साली मात्र संसदेने संगणक व दूरध्वनीवरून पैसे लावून खेळण्याचे खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट निषिद्ध केले. आम्हांस वाटते, या साऱ्या वादात एक गोष्ट निसटते. कौशल्य आणि दैव यांचा भेद महत्त्वाचा खरा. परंतु समोरचा कोण आहे हे उभयतांना ठाऊक आहे की नाही, हा भेद त्याहून महत्त्वाचा आहे. ओळख देऊन लावलेली पैज फार तर व्यसन ठरेल. ओळख लपवून लावलेली पैज ही लूट होय. पडद्याआड बसून खेळणाऱ्या आजच्या पिढीच्या पालकांनी हे मुलांना अवश्य सांगावे.

जयपूरचा दरबारी रॉबर्ट्‌स, जॉन्स्टन सिटीचा सोंगाड्या आणि क्लबातील निनावी मार्कर, या तिघांच्या हातांतील विद्या एकच होती. एकाला आश्रय मिळाला, तो इतिहासात गेला. दुसऱ्याला मिळाला नाही, तो अड्ड्यावर गेला. तिसऱ्याला केवळ पगार मिळाला, तो विस्मृतीत गेला. सोंगाड्याचा दोष आम्ही झाकीत नाही. ज्या घरचा पगार त्याने एका रात्रीत नेला, त्या घराने त्याला क्षमा का करावी? परंतु गुणाला उजेडात जागा न दिल्यास तो अंधारात आपली जागा शोधतो, हा समाजावरचा आरोपही तितकाच खरा आहे.

राजे गेले, दरबार गेले. गुणाला हात देण्याचे त्यांचे काम आता संस्थांकडे आले आहे. परप्रांतात नाटक, गाणे, खेळ यांसाठी एक सभागृह आणि चार जाणते प्रेक्षक उपलब्ध करून देणे, हे दिसते तेवढे लहान काम नव्हे. त्या सभागृहात ज्याला टाळी मिळते, त्याला नाव बदलून परक्या गावी जावे लागत नाही. गणेशोत्सवातील कॅरमच्या सामन्यात एखादा मुलगा सोंगटीचा कोन अचूक साधताना दिसला, तर त्याचे नाव विचारा, ते फलकावर लिहा आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलवा. पन्नास वर्षे अशी नावे विचारणाऱ्या या मंडळाचा शतकमहोत्सवही याच जोमाने साजरा होवो.